तालीक, सीसी आणि असल कागद

‘तालीक’ हा शब्द आता बोलण्यात राहिलेला नाही. जुन्या मराठी कागदांत मात्र तो सारखा भेटतो. तालीक म्हणजे नक्कल, प्रत. आदिलशाहीच्या काळात एखाद्या पाटलाला, देशमुखाला, मठाला जमिनीचं किंवा हक्काचं पत्र मिळालं, की त्याच्या शेवटाकडे दोन सूचना जवळजवळ ठरलेल्या असत. एक, या माणसाकडे दरवर्षी नवीन पत्र मागू नका. दोन, या पत्राची तालीक लिहून घ्या आणि असल पत्र त्याचं त्याला परत द्या. भाषा थोडीफार बदलत गेली, पण हाच मजकूर पुढे मराठी राज्याच्या पत्रांतही दिसतो.

मोडी वाचायला शिकणाऱ्याला हे वाक्य लवकर पाठ होतं. मी मात्र त्याच्या दुसऱ्या भागाशी दर वेळी थांबतो. अंमलदार पत्र बघणार, नक्कल दप्तरात ठेवणार, आणि मूळ कागद ज्याच्या हक्काचा आहे त्याच्या हातात राहणार. तो माणूस कागद फडक्यात बांधून घरी ठेवणार आणि नातवंडांच्या काळात भांडण उभं राहिलं की बाहेर काढणार. ऑफिसच्या ईमेलबद्दल आपण खूप कुरकुर करतो: फार येतात, रात्री येतात, उगाच सगळ्यांना येतात. ती कुरकुर खरीच आहे. पण मला त्याखाली हा जुना प्रश्न दिसतो. जे लिहिलं गेलं, ते शेवटी राहतं कुणाकडे?

त्या काळात ‘सीसी’सुद्धा होतं. गावातला वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा. निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि त्यात ‘हाजिर मजालस’ म्हणून उपस्थितांची यादी येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढत. पाटलाचा नांगर, कारागिराचं त्याचं हत्यार. निकाल कुणासमोर झाला हे निकालाइतकंच महत्त्वाचं होतं. उद्या कुणी फिरला, तर या सगळ्यांना बोलावता येईल. आज मॅनेजरच्या मॅनेजरला सीसीत ठेवून मेल पाठवणारी मुलगी हीच मजालस भरवत असते. फरक इतकाच की त्या सभेतली माणसं उन्हातान्हात चालत येऊन खरोखर बसलेली असत. सीसीतल्या माणसाने मेल उघडलाय की नाही, तेसुद्धा कळत नाही.

कागद हातात असणं आणि नसणं यात केवढा फरक पडतो, ते महाराष्ट्राने १८५० च्या दशकात पाहिलं. पेशवाई १८१८ मध्ये गेली. पुढे कंपनी सरकारला इनाम जमिनींमुळे बुडणारा सारा खुपायला लागला आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. हक्क सिद्ध करायची जबाबदारी इनामदारावर. दाखवा सनद. सनद वाळवीने खाल्लेली, पावसात भिजलेली, नाहीतर वाटणीत चुलतभावाकडे गेलेली. आणि ताडून बघायला पुण्यात पेशव्यांचं अख्खं दप्तर, जे आता कंपनीच्या ताब्यात होतं. आधीच्या राज्याने ठेवलेल्या नोंदी नव्या राज्याच्या हातात आल्या आणि घराघरातल्या असल कागदांचा न्याय करू लागल्या. कित्येकांची इनामं गेली. १८५७ च्या असंतोषाची कारणं सांगताना इतिहासकार या कमिशनचं नाव घेतात. ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही या खात्यात असिस्टंट कमिशनर होते. इनामदारांबद्दल मला फारसा कळवळा नाही. पण ज्याच्याकडे दप्तर त्याच्याकडे निकाल, ही गोष्ट मी इथून उचलतो.

कंपनीला स्वतःला नकलांचं भारी वेड होतं आणि त्याला कारण होतं. लंडन आणि मुंबईच्या मधे समुद्र. जहाज बुडालं की पत्र बुडालं. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी रवाना होत. प्रत्येक नक्कल कारकुनाच्या बोटांतून उतरायची. जेम्स वॉटने, वाफेच्या इंजिनवाल्याच, १७८० मध्ये नकला काढणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, कारण त्यालाही आपल्या धंद्याची पत्रं पुन्हापुन्हा लिहून काढायचा कंटाळा आला होता. ओलसर पातळ कागद ताज्या शाईवर दाबायचा, की उलट बाजूने सुलट वाचता येणारी प्रत मिळे. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुडने १८०६ मध्ये कार्बन पेपरचं पेटंट घेतलं, पण त्याचे खरे दिवस टाइपरायटर आल्यावरच आले.

बाहेरच्याला पत्र पाठवणं जुनं. एकाच कचेरीतल्या माणसांनी एकमेकांना पत्रं लिहिणं तेवढं जुनं नाही. शेजारच्या टेबलावर बसलेल्याला कशाला लिहायचं? अमेरिकेत या सवयीची एक मोठी सुरुवात रेल्वे अपघातातून झाली. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडच्या एकेरी रुळांवर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, माणसं मेली. त्यानंतरच्या चौकशीतून कुणाची जबाबदारी कुठवर ते ठरवलं गेलं, आणि हुकूम नि अहवाल लेखी असावेत अशी पद्धत बसवली गेली. जोॲन येट्स यांनी ‘कंट्रोल थ्रू कम्युनिकेशन’ या १९८९ च्या पुस्तकात ही सगळी वाट उलगडली आहे: रेल्वेपासून कारखान्यांपर्यंत, आणि पत्रापासून ‘मेमो’पर्यंत. मेमोतून ‘महोदय’ गेलं, ‘आपला आज्ञाधारक’ गेलं. वर फक्त चार ओळी: कुणास, कुणाकडून, तारीख, विषय. आणि खाली सीसी, म्हणजे कार्बन कॉपी कुणाकुणाला गेली ते.

कार्बनला एक गुण होता, तो म्हणजे त्याची मर्यादा. टाइपरायटरमध्ये कागद आणि कार्बनची चवड घालून पाच-सहा प्रती निघत. शेवटची इतकी पुसट की ती कुणाला द्यायची यावरून त्या माणसाची ऑफिसातली किंमत कळावी. अजून प्रती हव्या असतील तर सगळं पुन्हा टाइप करा. त्यामुळे सीसीत कोण, याचा विचार व्हायचा. निदान टायपिस्ट तरी कपाळाला आठ्या घालून तो करायला लावायची.

आपल्याकडच्या सरकारी पत्रांनी तर यातही पायऱ्या केल्या. महाराष्ट्र शासनाचं कुठलंही पत्र शेवटपर्यंत वाचा. वरिष्ठाला जाणारी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’, आणि खालच्याला जाणारी ‘प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’. कुणी फक्त बघायचं आणि कुणी हातपाय हलवायचे, हे तिथेच ठरतं. इंग्रजी सीसीत ही सोय नाही. म्हणून चौदा जणांना गेलेल्या मेलवर चौदाही जण दुसऱ्याची वाट बघत बसतात.

आणखी एक गोष्ट तालीकच्या घराण्यातली. तहसील कचेरीत किंवा महापालिकेत अर्ज द्यायला जाताना जाणती माणसं सांगतात, दोन प्रती ने. एक ते ठेवतात, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन तुम्ही परत आणता. तिला पोच म्हणतात. ती घडी घालून खिशात ठेवलेली पोच म्हणजे साध्या माणसाचं सगळं बळ. अर्ज हरवला म्हणणाऱ्या बाबूसमोर ती उलगडली की त्याचा सूर बदलतो.

आता ईमेल. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाचा अभियंता काम करत होता. त्याच्याकडे एक प्रोग्रॅम होता, ज्याने एकाच संगणकावरची माणसं एकमेकांसाठी निरोप ठेवत. असली सोय एमआयटीत १९६५ पासून होती. दुसरा प्रोग्रॅम फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणारा. त्याने दोन्ही जोडले आणि माणसाचं नाव नि यंत्राचं नाव यांच्यामधे ‘ॲट’चं चिन्ह ठेवलं. पहिला निरोप शेजारी शेजारी असलेल्या दोन यंत्रांमधे गेला. त्यांना जोडणारी वाट मात्र अर्पानेटची. काय लिहिलं होतं ते त्यालाही पुढे आठवत नव्हतं. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सहकाऱ्याला दाखवताना, कुणाला बोलू नकोस, आपल्याला हे करायचे पैसे मिळत नाहीत, अशा अर्थाचं तो बोलल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

अर्पानेट उभारलं होतं दूरच्या संगणकांची ताकद वाटून घ्यायला. दोनेक वर्षांत त्यावरची बहुतेक वर्दळ टपालाचीच झाली. आणि इनबॉक्स तुंबल्याची पहिली तक्रार कुणाची? खुद्द अर्पाचे संचालक स्टीफन लुकासिक यांची. त्यांना हे नवं टपाल इतकं आवडलं की त्यांच्याकडे ढीग साठला. मग लॅरी रॉबर्ट्सने १९७२ मध्ये यादी दाखवणारा, निवडून वाचू देणारा, पुसू देणारा प्रोग्रॅम लिहून दिला. १९७५ मध्ये जॉन व्हिटलने त्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘आन्सर’ असा हुकूम घातला. पत्ता पुन्हा टाइप न करता उत्तर पाठवायची सोय. आपल्या आयुष्यातले किती तास या एका सोयीने खाल्ले असतील ते बघा. आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये आरएफसी ७३३ या दस्तऐवजात मेलच्या डोक्यावरचा मजकूर कसा असावा ते ठरलं: कुणास, कुणाकडून, तारीख, विषय, सीसी आणि गुपचूप दाखवायची बीसीसी. सगळा सांगाडा मेमोचा. मेमोतला कार्बन तेवढा गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची मर्यादाही.

भारतात हे टपाल आधी संशोधन संस्थांत आलं. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एर्नेट प्रकल्प सुरू केला. त्यात आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएस्सी होती आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी. सामान्य ग्राहकासाठी विदेश संचार निगमचं इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्या वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं आणि आपल्याकडे सायबर कॅफेत तासावर पैसे भरून माणसं इनबॉक्स उघडू लागली. ऑफिसांनी ईमेल घेतला तो जुन्या कारकुनी इंग्रजीसकट. ‘प्लीज डू द नीडफुल’ म्हणणारा आजचा आयटीवाला पोरगा ब्रिटिश काळातल्या कचेरीचीच भाषा बोलत असतो, फक्त लॅपटॉपवर.

नक्कल फुकट झाली की काय होतं, त्याचा अगदी शुद्ध नमुना १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच घडला. ‘बेडलम डीएल३’ नावाच्या यादीत सुमारे १३,००० कर्मचारी होते. एकाने आपलं नाव त्यात पाहिलं आणि सगळ्या यादीलाच लिहिलं, मला यातून काढा. मग बाकीचे, ‘मी टू!’ मग शहाणे लोक, अहो सगळ्यांना उत्तर देऊ नका. हेही सगळ्यांना उत्तर देऊन. सुमारे दीड कोटी निरोप फिरले आणि कंपनीचं टपाल बसलं. पुढे त्यावर टी-शर्टही निघाले.

ही गंमत झाली. वेळेचं दुखणं जास्त खोल आहे. पेशव्यांचा जासूद कितीही निकडीचा असला तरी वाटेत कुठेतरी झोपायचा आणि त्यामुळे पत्र घेणाराही झोपायचा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करणं बंधनकारक झालं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत असाच ‘राइट टू डिस्कनेक्ट’चा खासगी विधेयक म्हणून प्रस्ताव मांडला. त्याचा कायदा झाला नाही.

पण ईमेल नको, सगळं फोनवर किंवा मीटिंगमध्ये बोलून टाकू, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बोलणं कुणाला सोयीचं असतं ते बघा. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला. ‘अरे, मेल कशाला, कॉलवर ये ना,’ हे वाक्य साहेब म्हणतो. शिकाऊ पोरगा कधी म्हणत नाही. रात्री थांबायला सांगितलं, सुट्टी तोंडी मंजूर केली, चुकीच्या आकड्यावर सही करायला लावली, हे सगळं हवेत विरून जातं. म्हणून अनुभवी माणसं मीटिंगनंतर लगेच दोन ओळी पाठवतात: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक करतोय. त्या दोन ओळी म्हणजे पोच.

लिहिलेलं किती चिवट असतं, हे मोठमोठ्यांना महागात पडल्यावर कळलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरण बाहेर यायला लागलं तेव्हा व्हाइट हाउसमध्ये जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपले पाच हजारांहून जास्त ईमेल पुसले. मुख्य संगणकाच्या बॅकअप टेपवर ते शाबूत होते आणि चौकशी आयोगाच्या हाती लागले. याचा पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. १९ जानेवारी १९८९ ला, रेगन यांची कारकीर्द संपायच्या आदल्या दिवशी, त्या टेप पुसल्या जाऊ नयेत म्हणून स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह कोर्टात गेले. सरकार म्हणत होतं, महत्त्वाचे मेल कागदावर छापून ठेवले की झालं. १९९३ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही. छापील कागदावर मजकूर येतो, पण तो कुणी पाठवला, कुणाकुणाला गेला, कधी मिळाला, ही माहिती गळू शकते. म्हणजे संगणकातला तो असल. छापलेली ती तालीक, आणि तीसुद्धा अपुरी.

आणि असल ज्याच्या ताब्यात, त्याच्यापुढे साध्या कर्मचाऱ्याचं काही चालत नाही. एन्रॉन २००१ मध्ये बुडाली. चौकशी करणाऱ्या अमेरिकी ऊर्जा आयोगाने २००३ मध्ये सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांचे लाखो ईमेल सगळ्यांसाठी खुले केले. त्यात घोटाळ्यांबरोबर लोकांची घरगुती पत्रं, आजारपणं, प्रेमप्रकरणंही होती. त्यांच्याकडे परवानगी कुणी मागितली नाही. खोका कंपनीचा, आतली चिठ्ठीही कंपनीची.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला, ईमेलसारख्या नोंदींना कायद्याने मान मिळाला आणि पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आलं. संगणकातल्या नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर ते यंत्र ज्याच्या अखत्यारीत आहे त्याचं प्रमाणपत्र हवं. आता ही मेख बघा. ज्याच्याविरुद्ध पुरावा, त्याच्याच अखत्यारीत यंत्र असेल तर? हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तो जालन्याहून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या, पण पुन्हापुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच. मात्र एखाद्याने ते मिळवायला शक्य ते सगळं करूनही ताबेदार देत नसेल, तर अशक्य गोष्टीची अट त्याच्यावर लादता येणार नाही. मूळ यंत्रच कोर्टात आणून दाखवलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात आहे. तुमचा फोन तुम्ही नेऊ शकता. कंपनीचा सर्व्हर कोण नेणार? १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. प्रमाणपत्र तिथेही आहे, कलम ६३ मध्ये. त्यावर आता तज्ज्ञाचीही सही लागते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका खासगी कंपनीने दुपारी तीनला कॉलवर घेऊन सांगितलं की आज तुझा शेवटचा दिवस. पाच वाजता लॉगिन बंद. रजा तिने परस्पर घेतली, हे कारण दिलं गेलं. रजा मंजूर झाल्याचा मेल होता, पण तो आता त्यांच्याकडे. ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवणं कंपनीच्या नियमांत गुन्हा; नोकरीला लागताना तिने त्यावर सही केली होती. म्हणजे आपली तालीक आपण करून घेतली की आपणच चोर. तीनशे वर्षांपूर्वीचा अंमलदारसुद्धा याला काय म्हणाला असता कोण जाणे.

तिच्याकडे उरलाय तो एक फोटो. रजा मंजूर झाली त्या संध्याकाळी, गावी येतेय हे आईला कळवायला, तिने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोनवर काढलेला. मजकूर नीट वाचता येतो. सीसीतली तीन नावं दिसतात, चौथं अर्धं. तारखेवर बरोबर ट्यूबलाइटचा उजेड पडलाय.